गावी येताय, तर आधी हे ऐका

डिसेंबरात येताय हे फार बरं केलंत. बाकीच्यांना गाव आठवतं ते मे महिन्यात, आंब्यासाठी. तेव्हा आमच्या राजापूर तालुक्यातल्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. डिसेंबरात विहिरीला पाणी असतं, नवा तांदूळ कणगीत आलेला असतो, आणि मला तुमच्याशी बोलायला सवड असते. हापूस मिळणार नाही. मोहोर बघायला मिळेल, नशिबात असेल तर. आणि पुढे कधी मेमध्ये आलात, तर घरची बाग आहे म्हणून पेटी फुकट मागू नका. फवारणी, राखण, उतरवणी, सगळ्याला रोख पैसे मोजावे लागतात, आणि ते तुझा काका मोजतो.

टोरांटोहून मुंबईत उतरलात की लगेच गाडी करून निघू नका. मुंबई-गोवा हायवेचं काम इतकी वर्षं रखडलंय की त्यावर बोलायचाही कंटाळा येतो, आणि मुलांच्या पोटात पाणी राहणार नाही. एक रात्र झोपा आणि कोकण रेल्वेने या. मात्र ‘राजापूर रोड’ हे नाव वाचून स्टेशनाबाहेर पडलं की राजापूर, असं समजू नकोस. शहर तिथून बरंच लांब आहे. आपल्या वाडीतला रिक्षावाला आधीच सांगून ठेवते. त्याच्याशी भाड्याची घासाघीस करायची नाही, तो आपल्या भावकीतला आहे.

आणायचं काय, ते मला फोनवर विचारा. परदेशी चॉकलेटं दोन दिवसांत वितळून मुंग्यांना जातात. मला कुकरची रिंग हवी आहे, तुझ्या काकाला कानातल्या यंत्राचे सेल. थोरल्या घरच्या आजींना बॅटरी चालेल, पण हातात मावेल अशी. आणि सूनबाई, तुमच्या सगळ्यांचे फोटो कागदावर छापून आण. मोबाईलमधला फोटो म्हाताऱ्या माणसांना दाखवला की बोट लागून तो भलतीकडेच सरकतो. छापलेला फोटो भिंतीवर जातो आणि तिथे राहतो.

आल्यावर पहिला दिवस फिरायला नाही. घरात पाय धुवायचे, देवासमोर नारळ ठेवायचा, आणि मग घराघरांत जायचं. आधी कुठे, यालाही क्रम आहे. मागच्या खेपेनंतर ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी सगळ्यात आधी जायचं. तिथे बसायचं, गेलेल्या माणसाचं नाव काढायचं, फोन खिशात ठेवायचा. मग थोरलं घर, मग बाकीची. चहा प्रत्येक घरी होणार. ‘आत्ताच झाला’ म्हणालात तर राग धरतील, म्हणून ‘अर्धा कप’ म्हणा. मुलांना कोकम सरबत चालेल, तेही मागितलं तर मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामदेवतेला. नारळ, विडा, उदबत्ती आणि देवीची ओटी मी तयार ठेवते. तुझं काम एकच. घरातल्या सगळ्यांची नावं एका चिठ्ठीवर ठळक देवनागरीत लिहून आण, तुझ्या बहिणीच्या मुलांचीसुद्धा. गुरव गाऱ्हाणं घालताना एकेक नाव घेतो आणि ऐनवेळी तुला तिच्या धाकट्याचं नाव आठवणार नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी केलेलं रोखठोक बोलणं. ही लेकरं लांबून आली आहेत, यांच्या आडवं काही येत असेल तर ते दूर कर, यांना सुखरूप पोचव, असं तो एका दमात म्हणत जातो आणि प्रत्येक वाक्यापाठी जमलेली माणसं ‘होय महाराजा’ म्हणतात. मुलांना एवढे दोन शब्द आधी शिकवून ठेवा. मोठ्याने म्हणू देत, कोणी रागावत नाही. गाभाऱ्यात कोणी जायचं, कोणी नाही, हे गावाचं ठरलेलं असतं. तिथे हक्काची भाषा नको, उंबऱ्याबाहेरून दर्शन घ्या. देणगी द्यायची तर गावच्या मंडळाकडे द्या आणि पावती तुझ्या आजोबांच्या नावाने घ्या. माणसांच्या हातात नोटा कोंबू नका. पोरांना खाऊला दिलेत तर गोष्ट वेगळी.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात मासळी शिजत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. सुरमई आवडते ना, मग बुधवारी सांग. गुरुवारी कुळथाची पिठी, भात आणि वालीची भाजी. तुझे वडील ती पिठी बोटं चाटून खायचे.

आता जरा नाजूक. पणजोबा खोत होते हे तू मुलांना अभिमानाने सांगतोस, मी ऐकलंय. घरात सांग, पण वाडीवाडीत सांगत फिरू नकोस. ज्यांनी खोताच्या दारी वेठ केली, त्यांचीही नातवंडं इथेच राहतात आणि त्यांच्याही घरी ह्याच गोष्टी सांगतात, फक्त दुसऱ्या बाजूने. 1937 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक आणलं ते काही उगाच नव्हे. पुढे कूळकायदा आला, खोतीही गेली. 1 एप्रिल 1957 पासून कसेल तो मालक झाला आणि नदीकाठचा आपला मळा कुळांकडे गेला. ‘आमची जमीन लाटली’ असं तुझे आजोबा म्हणायचे. मी शाळेत इतिहास शिकवला, मला ते पटलं नाही कधी. त्या मळ्यात जायचंय तर जरूर जा, पण मालकाला विचारून. भला माणूस आहे, शहाळं पाजेल.

उरलेली जमीन अजून सामायिक आहे. सातबाऱ्यावर काकाचं नाव आहे, तुझ्या वडिलांचं आहे, मुंबईच्या आत्याचं आहे, आणि ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशांची आहेत. बाहेरचा वारस आला की सगळ्यांच्या मनात एकच येतं, हा हिस्सा मागायला आला. तोंडावर कोणी म्हणत नाही. तेव्हा पहिल्याच जेवणावर ‘आपली किती एकर आहे हो?’ असं तोंडातून काढू नकोस. साधं कुतूहल असलं तरी नको. पण गप्प बसूनही जाऊ नकोस, त्याने संशय वाढतो. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना ओटीवर बसव आणि काय हवंय, काय नको, ते सरळ सांग. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत आण. वारसनोंद तलाठ्याकडे करायची असते, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. ती लवकर झालेली बरी. एक पिढी नोंद राहिली की पुढची पिढी सह्या गोळा करत फिरते. तू कॅनडाचा नागरिक झालास तरी वारशाने आलेली शेतजमीन तुझ्या नावावर राहू शकते, नवी विकत मात्र घेता येणार नाही. आणि ह्या घराची कौलं दरवर्षी कोण चाळतं, देवाला दिवा कोण लावतं, त्याचा हिशोब त्या बैठकीत आधी मांड. तुझा काका तो स्वतःहून कधीच मांडणार नाही.

माळ्यावरच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. वाचणारा आता गावात कोणी उरला नाही, पुण्या-मुंबईत मिळतो. कागद इथून हलवायचे नाहीत, उजेडात नीट फोटो काढून घे. वंशावळीसाठी त्र्यंबकेश्वरच्या आपल्या तीर्थपुरोहितांकडची नामावळीही बघून ये, घरचं कोणी कधी तिथे गेलं असेल तर नोंद असते. आजींना ‘पूर्वीचं काहीतरी सांगा’ म्हटलंस तर त्या ‘काय सांगायचं’ म्हणतील आणि सुपारी कातरतील. त्यांना विचार, बाळंतीण कुठल्या खोलीत असायची, विहीर कोणी खणली, मुंबईची मनीऑर्डर आली की आधी काय आणलं जायचं. मग थांबवायची वेळ येईल.

फिरायला एक दिवस पुरे. सकाळी कशेळीचा कनकादित्य, तिथून जवळच कातळावर खोदलेला हत्ती. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण तिथे चपला घालून चित्रावर चालणारे पर्यटक अजून येतात. तुम्ही कडेने बघा. येताना आडिवऱ्याची महाकाली. उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावरही मुलं खूश होतील. राजापूरच्या गंगेचे झरे वाहायला लागले असतील तर मी कळवेन, ती तिच्या मर्जीने येते.

मुलांना गडग्याच्या दगडांत हात घालू देऊ नका. फुरसं लहान असतं आणि त्याच दगडांच्या रंगाचं. काळोख पडल्यावर परसात जायचं तर बॅटरी आणि बंद चप्पल. रेंज खळ्याच्या टोकाला माडाखाली येते, तुमच्या ऑफिसचे फोन तिथे उभं राहून घ्या. आणि कोण कोण मिरची खात नाही ते येण्याआधी कळव, मसाला मी ह्याच आठवड्यात कुटून घेणार आहे.