अंगठा कुठे ठेवशील?

अगं, फायरिंगच्या आदल्या रात्री फोन करून तू विचारलंस, "ताई, माझा हात लहान आहे, पिस्तूल नीट मावत नाही, काय करू?" बरं झालं विचारलंस. आपल्याकडच्या पोरी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावून, गोळा फेकून पोलीस भरतीत निघतात. पण हाताला खरचटलं, बोट सुजलं की ते झाकून ठेवतात. उस्ताद म्हणतील पोरगी नाजूक आहे, ही भीती. तुझा हात नाजूक नाही. रोवणी केलेला हात आहे तो. पिस्तूलच दुसऱ्या कोणाच्या हाताचं माप धरून बनलंय, आणि ते उघडपणे बोलायला लाजायचं कारण नाही.

आपल्याकडे जुनं ९ एमएम पिस्तूल दिसतं ना, ते मूळचं ब्राउनिंगचं. बेल्जियममध्ये १९३५ साली आलं, पुढे त्याची देशी आवृत्ती इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागली. मॅगझिनमध्ये १३ राउंड दोन ओळींत बसतात, म्हणून मूठ जाड. तुझ्यासारख्या लहान पंजाच्या मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचत नाही. मग नकळत काय होतं, तर पिस्तूल हातात थोडं फिरवून घेतलं जातं. बोट पोचतं, पण पिस्तुलाची पाठ अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येते. प्रत्येक राउंडचा धक्का त्या एका सांध्यावर बसतो. पहिल्या दिवशी कळतही नाही. नंतर बादली उचलताना कळ येते. म्हणून पकड घेतल्यावर बघ, नळी आणि तुझा मनगटापासून कोपरापर्यंतचा हात साधारण एका रेषेत आहे का. नसेल तर उस्तादांना तिथेच सांग. दुसरं पिस्तूल मिळत असेल तर मिळेल, नाही तर बोटाचं फक्त टोक ट्रिगरवर ठेवून कसं दाबायचं ते तरी ते दाखवतील.

रायफलीला खांदा असतो, पिस्तुलाला फक्त हात. नळी मनगटाच्या वर असते, म्हणून गोळी पुढे गेली की तोंड वर उसळतं. हात जितका खाली धरशील तितकं जास्त उसळेल. म्हणून मूठ वर, पिस्तुलाच्या मागच्या शेपटीला अगदी भिडेल इतकी. पण शेपटीच्या वर नाही. त्या जुन्या ब्राउनिंगची शेपटी आखूड आहे. वरची सरकणारी स्लाइड मागे येते, हॅमरला मागे ढकलते, आणि हॅमर अंगठा नि तर्जनी यांमधल्या मांसल भागाला चावतो. एक गंमत सांगू? हा चावा भरलेल्या, जाड पंजाच्या पुरुषांनाच जास्त बसतो. इथे लहान हात फायद्यात.

आता अंगठ्यांचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कंटाळू नकोस. धान कापताना मुठीतला अंगठा विळ्याच्या वाटेत येऊ द्यायचा नाही, हे तुला आईने पहिल्या दिवशीच शिकवलं. पिस्तुलाची स्लाइडही तशीच, तिची वाट मागे आहे. डावा अंगठा उजव्या हातावरून पलीकडे नेऊन स्लाइडच्या मागे अडकवलास, तर ती पापणी लवायच्या आत मागे येऊन अंगठ्याचं कातडं सोलून जाते. आमच्या बॅचमधल्या एकीच्या अंगठ्याला दोन समांतर चिरा पडल्या होत्या, स्लाइडच्या दोन कडांच्या. दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, एकावर एक, पुढे रोखलेले. स्लाइडला चिकटवून दाबायचे नाहीत आणि तिच्या मागे तर मुळीच नाहीत.

ही चुकीची सवय येते कुठून? एक तर सिनेमातून, दुसरं आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांतून. वडसाकडच्या नाटक मंडळींचा खलनायक पिस्तूल आडवं धरून आख्खा अंक काढतो, लोक शिट्ट्या मारतात, तिथे ते चालतं. तिसरं कारण रिव्हॉल्व्हर. त्याला मागे येणारी स्लाइडच नसते, म्हणून मागे अंगठ्यांची कात्री केली तरी खपून जातं. पण त्याचा धोका पुढे. फिरणारं सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, गोळी सुटताना त्यातून तापलेला वायू धारेसारखा बाहेर येतो. पिस्तुलावर शिकलेले पुढे रोखलेले अंगठे रिव्हॉल्व्हरवर तसेच ठेवले, तर बोट भाजेल, कापेलही. हत्यार बदललं की अंगठे बदलायचे.

रिव्हॉल्व्हरवरून आठवलं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, .३२ बोअरचं, सुमारे ५०० ग्रॅमचं. हलकं, पर्समध्ये मावणारं, असा गाजावाजा. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. काडतूस तेच ठेवून हत्यार हलकं केलं की हाताला धक्का जास्त बसतो. बायकांना हलकं द्यावं हा विचार करणाऱ्याने ते चालवून पाहिलं होतं का, कोण जाणे.

आणि राही सरनोबतचा फोटो तुझ्या मोबाइलवर आहे, मला माहीत आहे. कोल्हापूरची पोरगी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, नेमबाजीत ते मिळवणारी पहिली भारतीय महिला. कौतुक कर, पण तिची पकड उचलू नकोस. ती एका हाताने नेम धरते, कारण खेळाचा नियमच तसा. तिचं पिस्तूल .२२ चं, धक्का थोडा, आणि त्या पिस्तुलांची लाकडी मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे घासून बसवता येते. तुला कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, मिळेल ते घ्यायचं आहे. तू दोन्ही हात वापर. उजव्याने पुढून-मागून दाब, डाव्याने बाजूंनी. आवळून आवळून हात थरथरायला लागला तर थोडं सैल कर, पण मनगट मात्र लुळं सोडू नकोस. मनगट वाकलं की स्लाइड पुरती मागे जात नाही, राउंड अडकतो. आणि अर्ध्या जखमा त्या अडकलेल्या राउंडच्या घाईतच होतात.

राउंड अडकला तर पिस्तुलाचं तोंड बटकडेच, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या भिंतीकडेच, बोट ट्रिगरबाहेर, दुसरा हात वर. स्लाइडच्या ज्या खिडकीतून रिकामं काडतूस बाहेर पडतं, तिच्यात बोट घालायचं नाही. स्लाइड ओढतानाही त्या खिडकीवर तळवा येऊ देऊ नकोस. मागच्या खाचांवर सगळी बोटं लावून धर आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल, चिमटीत धरून ओढत बसू नकोस. आवाज नेहमीसारखा न येता नुसता फुसका आला, तर पुढचा राउंड कुणी कितीही ओरडलं तरी मारायचा नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गेली तर नळी फुटते आणि जखम बोटापुरती राहत नाही.

अंगठी काढून ठेव. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात तळवे घामाने निसरडे होतात, रुमाल खिशात असू दे, दर पाळीला हात पूस. हे सगळं आधी रिकाम्या पिस्तुलावर, उस्तादांसमोर, पुन्हा पुन्हा कर. राउंड भरल्यावर पकड शोधत बसायची नसते.

एवढं करूनही कातडं निघालं तर लगेच सांग, साबण-पाण्याने धू, पट्टी कर, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचार. बोटाला मुंग्या येत राहिल्या किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखणं आठवडाभर हटलं नाही, तर बाम चोळत बसू नकोस, डॉक्टरला दाखव. काही लागलं नसलं तरी डबा उघडण्याआधी हात साबणाने धू, राउंडचं शिसं हातावर राहतं. आणि लागलंच काही, तर पहिला फोन मला. आईला काय सांगायचं ते आपण दोघी नंतर ठरवू.