बाजारभाव आणि थांबण्याची ऐपत

सर्वांचा कापूस एकाच भावानें विकला गेला, म्हणजे सर्वांस सारखा न्याय मिळाला, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत वऱ्हाडच्या अनुभवाशीं ताडून पाहणें अगत्याचें आहे.

मलकापुरास कापसाच्या दोन गाड्या एकाच दिवशीं आल्या असें समजा. एका धन्याच्या घरीं माल सांठविण्यास जागा आहे व हातीं पैसा आहे; दुसऱ्यास दिवाळीपूर्वीं देणें फेडावयाचें आहे. भाव पडला असतां पहिला गाडी परत नेतो, दुसऱ्यास ती रिकामी करावीच लागते. भाव एक, परंतु फळ निराळें.

१८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला व व्यवहारास कांहीं शिस्त आली. तथापि खऱ्या तोलानें थांबण्याची ऐपत येत नाहीं. पुढें महाराष्ट्र सरकारनें १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना चालविली. भावाची हमी मिळाली. पण पैसे हातीं पडण्यास विलंब होई, आणि नडलेल्याची अडचण तशीच राही. २००२ सालीं खाजगी व्यापाऱ्यांस खरेदीची मोकळीक मिळाली आणि तो पुन्हां उघड्या बाजारांत उभा राहिला.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफींत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचें थकीत कर्ज पूर्ण माफ झालें. त्यावरील शेतकऱ्यांस मात्र बाकी भरल्यावर सूट होती. हें माप जमिनीचें होतें, पाण्याचें नव्हे. कालव्याखालील दोन हेक्टर आणि आपल्याकडील कोरडवाहू तीन हेक्टर यांत कोण सधन, हें वाचकांनींच ठरवावें.

सारांश, धोरणाचें माप क्षेत्र किंवा भाव एवढेंच न राहतां, थांबण्याची ऐपत हें असावें. या दृष्टीनें १९९० पासून चालू असलेली शेतमाल तारण कर्ज योजना लक्षांत घेण्याजोगी आहे. तूर, हरभरा, सोयाबीन असा माल गोदामांत ठेवून किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतें व विक्री पुढें ढकलतां येते. ज्या बाजार समित्या ती राबवीत नाहींत, तेथें सभासदांनीं ती मागावी. मोठ्या खातेदारांनीं यांत पुढाकार घ्यावा; कारण शेजाऱ्याचा माल घाईनें पडत्या भावांत गेला, म्हणजे बाजार सर्वांचाच उतरतो.