स्तोत्र वाचताना दुसऱ्या ओळीपाशी थांबा



रविवारच्या मिस्सात पहिल्या वाचनानंतर आपण प्रतिसाद स्तोत्र म्हणतो. धृपदाची एकच ओळ आपल्या वाट्याला असते, म्हणून ते सोपे वाटते. घरी एकट्याने स्तोत्रसंहिता उघडली की मात्र अडचण येते. "फादर, एकच गोष्ट दोनदा का सांगितली आहे?" आणि "प्रार्थनेत एवढा राग कसा?" हे दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. स्तोत्रे ही कविता आहे, आणि कविता कवितेसारखीच वाचावी लागते. पवित्र शास्त्र वाचताना लेखनाचा प्रकार ध्यानात घ्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सांगितले आहे.

आपल्या कानाला यमकाची सवय आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते ओवीत आहे. हिब्रू कवितेचा भर मात्र शब्दांच्या यमकावर नसतो. तिथे विचाराशी विचार जुळतो. पहिली ओळ काही बोलते आणि दुसरी तिला साथ देते. इंग्लंडमधील रॉबर्ट लोथ ह्यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत ही रचना उलगडून दाखवली. तिला समांतर रचना म्हणतात. यमक भाषांतरात हरवते, पण विचारांची ही जोडी टिकते. म्हणूनच स्तोत्र मराठीत आले तरी कविताच राहते.

ही जोडी मुख्यतः तीन प्रकारची असते.

१) दुसरी ओळ पहिलीचाच विचार नव्या शब्दांत सांगते. स्तोत्र १९ च्या आरंभी आधी देवाचे वैभव येते, मग त्याच्या हातची कारागिरी. 'वैभव' हा मोठा शब्द. 'हात' म्हटल्यावर देव जवळ येतो.

२) दुसरी ओळ विरोध दाखवते. स्तोत्र १ च्या शेवटी दोन वाटा समोरासमोर उभ्या केल्या आहेत: नीतिमानाची आणि दुर्जनाची.

३) दुसरी ओळ विचार पुढे नेते. स्तोत्र १२१ मध्ये वाटसरू डोंगरांकडे पाहून आपल्याला मदत कुठून येणार असे विचारतो, आणि लगेच निर्माणकर्त्याचे नाव घेऊन स्वतःच उत्तर देतो.

तेव्हा दुसरी ओळ आली की पुढे पळू नका. तिने नवीन काय आणले, हे स्वतःला विचारा. तिथेच मननाला सुरुवात होते.

आता शब्दांविषयी. ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर आपण 'जीव' किंवा 'आत्मा' असे करतो, तो 'नेफेश' हा शब्द गळ्यासाठीही वापरला जातो. स्तोत्र ६९ मधला माणूस पाणी तिथवर चढल्याचे सांगतो. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे समजावून सांगायला नको. संकट गळ्याशी आले, असे आपणही म्हणतोच.

अशा वेळी पुष्कळ भाविकांना वाटते की देवाजवळ तक्रार करणे हे पाप आहे. नोकरी जाते, घरातले माणूस अतिदक्षता विभागात असते, आणि गोड शब्द सुचत नाहीत म्हणून प्रार्थनाच थांबते. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. क्रुसावर प्रभू येशूच्या मुखी आलेला टाहोदेखील स्तोत्र २२ च्या आरंभाचाच आहे. ते स्तोत्र पुढे स्तुतीपर्यंत पोहोचते, पण टाहो गाळून नव्हे.

रागाचे काय? स्तोत्र १३७ चा शेवट अंगावर काटा आणतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या दैनिक प्रार्थनाग्रंथात ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे घेतलेली नाहीत. बायबलमध्ये मात्र ती आहेत. तिथे दुखावलेला माणूस सूड स्वतःच्या हाती न घेता देवाच्या हाती सोपवतो. आपण तिथेच थांबायचे नाही. शत्रूंसाठी प्रार्थना करा, ही प्रभूची आज्ञा आहे. पण आधी राग देवापुढे खरेपणाने ठेवला, तर क्षमेची वाट मोकळी होते.

आणखी एक गोष्ट. आपल्या शेजारी पनवेलला बेने इस्राएल समाजाचे १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग आहे. मराठी बोलणारे हे बांधव हीच स्तोत्रे हिब्रूत म्हणतात. प्रभू येशूनेही ती यहुदी घरातच शिकली. म्हणून स्तोत्र आधी इस्राएलची प्रार्थना म्हणून ऐकावे, मग येशूच्या ओठांवर ऐकावे, आणि शेवटी आपल्या ओठांवर घ्यावे. हा क्रम पाळला की आपण आपलेच म्हणणे शास्त्राच्या तोंडी घालत नाही.

ह्या आठवड्यात एकच स्तोत्र घ्या: १२१ वे. त्याला आठच वचने आहेत. रोज मोठ्याने, सावकाश वाचा. प्रत्येक जोडीनंतर एक श्वास थांबा. जो शब्द मनात रेंगाळेल, तो सोबत घेऊन कामाला निघा. लोकलमध्ये उभ्याउभ्यासुद्धा त्याचे मनन करता येते.

प्रभू तुमच्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.

आपला प्रभूमध्ये,
धर्मगुरू