आकड्याबरोबर त्याचे गणितही पाठवा
(कर्ज-ठेव गुणोत्तराच्या निमित्ताने)

बँकेच्या कार्यालयांत आता संगणकाच्या पडद्यावर डॅशबोर्ड उघडताच ठेवी, कर्जे व थकबाकी यांची स्थिती क्षणात समोर येते. मात्र पडद्यावरील आकडे दोन प्रकारचे असतात. एक, मूळ नोंदींची साधी बेरीज. दुसरा, त्या नोंदींवर सूत्र चालवून काढलेला निष्कर्ष, म्हणजे गुणोत्तर, टक्केवारी, सरासरी किंवा वाढीचा दर. पहिला आकडा सहकाऱ्याला कळविणे सोपे असते. दुसरा कळविताना त्यामागील सूत्र बरोबर गेले नाही, तर अचूक आकडाही दिशाभूल करू शकतो. कर्ज-ठेव गुणोत्तर हे याचे उत्तम उदाहरण होय.

एकच नाव, दोन व्याख्या

डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ साली क्षेत्रनिहाय बँकविकासाची कल्पना मांडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. एखाद्या भागातील ठेवींपैकी किती पैसा त्याच भागात कर्जरूपाने वापरला जातो, हे पाहण्याचे प्रमुख साधन म्हणजे हे गुणोत्तर. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. तेथील राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या रायपूर येथील बैठकांतही त्याचा आढावा घेतला जातो.

रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या परिपत्रकाने हे गुणोत्तर कोणत्या पातळीवर कसे मोजावे, हे ठरवून दिले. राज्य पातळीवर कर्ज प्रत्यक्ष जेथे वापरले जाते ते ठिकाण धरावयाचे आणि त्यात ग्रामीण पायाभूत विकास निधीतून राज्याला मिळालेला वाटा मिळवावयाचा. जिल्हा पातळीवर मात्र कर्ज जेथे मंजूर झाले ते ठिकाण धरावयाचे.

समजा, रायपूरजवळील सिलतरा औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या पोलाद कारखान्याचे कर्ज मुंबईच्या शाखेने मंजूर केले. राज्याच्या गणितात ते छत्तीसगडच्या खात्यावर येईल, रायपूर जिल्ह्याच्या गणितात येणार नाही. दोन अधिकाऱ्यांनी दोन डॅशबोर्डवरून दोन वेगळी गुणोत्तरे पाठविली, तरी दोन्ही बरोबर असू शकतात. व्याख्या सांगितली नाही, तर बैठकीचा वेळ वादातच जातो.

सरासरीची सरासरी नको

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. एका काल्पनिक जिल्ह्यात दोनच बँका आहेत असे धरू.

पहिली बँक: ठेवी ३०० कोटी, कर्जे ९० कोटी, गुणोत्तर ३० टक्के.
दुसरी बँक: ठेवी ५० कोटी, कर्जे ४० कोटी, गुणोत्तर ८० टक्के.

डॅशबोर्डवरून केवळ दोन टक्केवाऱ्या उतरवून पाठविल्या, तर पुढचा सहकारी त्यांची सरासरी ५५ टक्के अशी काढील. वास्तविक जिल्ह्याची एकूण कर्जे १३० कोटी व ठेवी ३५० कोटी आहेत; म्हणून खरे गुणोत्तर ३७.१४ टक्के होय. हा फरक केवळ कागदावरचा नाही. उपरोक्त परिपत्रकानुसार ४० टक्क्यांखालील जिल्ह्यासाठी विशेष उपसमिती नेमून पतवाढीचा कृती आराखडा करावा लागतो. चुकीच्या सरासरीमुळे असा जिल्हा नजरेआड झाला, तर त्याची किंमत तेथील शेतकरी, बचत गट व लहान उद्योजक मोजतात.

यावरून नियम सरळ आहे: टक्केवारीसोबत तिचा अंश व छेद नेहमी पाठवावा. हे दोन आकडे हाती असले की कोणासही बेरीज करून योग्य गुणोत्तर पुन्हा काढता येते.

पाठविण्यापूर्वी तपासण्याच्या बाबी

१. तारीख : आकडा कोणत्या दिवसअखेरचा आहे, हे लिहावे. मार्चअखेरचा व एप्रिलमधला आकडा यांची तुलना फसवी ठरते.

२. व्याप्ती : कोणती चाळणी लावली होती? ग्रामीण शाखा, सर्व शाखा की केवळ कृषिकर्जे? पडद्याचे छायाचित्र पाठविल्यास ही चाळणी बहुधा दिसत नाही.

३. एकक : लाख की कोटी, याचा उल्लेख आकड्याशेजारीच असावा.

४. सूत्र : एक्सेलमध्ये उतरविलेल्या तक्त्यात बहुधा केवळ उत्तरे येतात, सूत्र मागेच राहते. म्हणून ते एका ओळीत शब्दांत लिहावे.

५. अधिकार : डॅशबोर्डचा दुवा पाठविला, तर समोरच्याला त्याच्या अधिकारापुरतीच माहिती दिसू शकते. विभागीय कार्यालयात दिसणारी बेरीज शाखाधिकाऱ्याला दिसेलच असे नाही. दोघांची उत्तरे जुळत नसतील, तर प्रथम ही शक्यता तपासावी.

६. दुहेरी मोजणी : एकाच ग्राहकाची दोन शाखांत खाती असतील, तर शाखांच्या ग्राहकसंख्यांची बेरीज म्हणजे बँकेची ग्राहकसंख्या नव्हे.

७. गोपनीयता : निष्कर्ष पाठवावयाचा असताना खातेदारांची यादी जोडू नये. ग्राहकाची माहिती कामापुरती व अधिकृत व्यक्तीलाच द्यावी.

नमुना

वरील उदाहरणातील निरोप असा लिहिता येईल : “जिल्ह्याचे कर्ज-ठेव गुणोत्तर ३७.१४ टक्के (कर्जे १३० कोटी ÷ ठेवी ३५० कोटी), मंजुरीच्या ठिकाणानुसार, ३१ मार्चअखेर, सर्व बँका, सर्व शाखा.” निरोप दोन ओळींचाच आहे, पण तो वाचणाऱ्याला दूरध्वनी करून काही विचारावे लागणार नाही.

ग्राहक वाचकांनाही हीच कसोटी उपयोगी आहे. परताव्याचा दर, विक्रीतील वाढ किंवा नफ्याची टक्केवारी कोणी सांगितली, तर “कशाची टक्केवारी, कोणत्या काळातील?” असे अवश्य विचारावे. आपल्या व्यवसायाचे आकडे कर्जप्रस्तावासोबत देताना अंश, छेद व तारीख स्पष्ट लिहिल्यास छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याचे आणि आपलेही काम सुकर होईल.

संगणक गणित अचूक करतो. ते कशाचे आहे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र पाठविणाऱ्याचीच राहते.