घोडवाटांचा हक्क

कुंपणास लावलेल्या दोन लांकडी पायऱ्या चालत्या मनुष्यास अडवीत नाहींत. तो एक पाय टाकून सहज पलीकडे उतरतो. त्याच पायऱ्यांपुढें घोडा आला म्हणजे त्याची वाट तेथेंच संपते. इंग्लंडांत सार्वजनिक वाटेवर घोडेस्वाराचा हक्क आहे कीं नाहीं, हा वाद शेवटीं अशा एखाद्या पायरीपाशीं किंवा कुलूप घातलेल्या फाटकापाशीं येऊन ठेपतो.

त्या देशांत शेत खासगी असलें तरी त्यांतून जाणारी वाट सार्वजनिक असूं शकते. माती मालकाची, परंतु जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा. अशा वाटांतील कांहीं केवळ पायीं चालणाऱ्यांकरितां आहेत. दुसऱ्या कांहींस ‘ब्रायडलवे’ म्हणतात. आपण त्यांस घोडवाटा म्हणूं. घोडवाटेवरून पायीं जावें, घोड्यावर बसून जावें, अथवा घोडा लगामास धरून न्यावा. १९६८ च्या कायद्यानें सायकलस्वारांसही तेथें मुभा मिळाली. मात्र त्यांनीं पादचारी व घोडेस्वार या दोघांसही आधीं वाट द्यावी, अशी अट आहे. घोडवाटेवरील फाटक निदान पांच फूट रुंद पाहिजे. शेताच्या मधून जाणारी घोडवाट पेरणीसाठीं नांगरली, तर चौदा दिवसांच्या आंत ती पुन्हां चालण्याजोगी, किमान दोन मीटर रुंद, करून द्यावी लागते. शेताच्या कडेनें जाणारी तर मुळीं नांगरूंच नये. नियम क्षुल्लक वाटतात खरे, पण हक्क त्यांच्यावरच उभा आहे.

या वाटा कोणा श्रीमंताच्या रपेटीसाठीं पाडलेल्या नव्हेत. उत्तर इंग्लंडांत पेनाइन नांवाची डोंगरांची रांग आहे. कालवे व पक्के रस्ते होण्यापूर्वीं त्या डोंगरांतून लोंकर, मीठ, चुना इत्यादि माल घोड्यांच्या पाठीवर लादून नेत. आमच्या वाचकांस येथें सह्याद्रीच्या घाटांतून धान्य व मीठ नेणारे लमाणांचे बैल आठवतील. त्या बाजूचे जुने दगडी पूल अद्याप उभे आहेत. ते अरुंद असून त्यांचे कठडे अगदीं ठेंगणे आहेत. कारण कठडा उंच असता तर दोहों बाजूंस लोंबणारीं ओझीं त्यास अडकलीं असतीं. माल कालव्यांकडे व पुढें आगगाडीकडे वळला, आणि वाटा ओस पडल्या.

१९८६ सालीं मेरी टाउनली नांवाच्या बाईंनीं नॉर्थंबरलंडमधील कॉरब्रिजपासून डर्बीशायरमधील ॲशबोर्नपर्यंत, सुमारें अडीचशें मैल, घोड्यावरून प्रवास केला. घोडवाटांची दशा किती वाईट झाली आहे हें लोकांस दाखवावें, हाच त्यांचा हेतु होता. त्यांतूनच ‘पेनाइन ब्रायडलवे’ या लांबलचक राष्ट्रीय घोडवाटेची योजना निघाली. बाई २००१ मध्यें वारल्या. पुढल्याच वर्षीं त्या वाटेचा सत्तेचाळीस मैलांचा एक फेरा खुला झाला, त्यास त्यांचेंच नांव दिलें आहे.

परंतु सर्वच वाटांस असा कैवारी मिळत नाहीं. १९४९ च्या कायद्यान्वयें काउंटी कौन्सिलांनीं सर्व सार्वजनिक वाटांचे नकाशे करावयाचे ठरलें. जी वाट नकाशावर चढली तिचा हक्क निर्विवाद झाला. हें काम मोठें उपकारक होतें, पण गांवोगांवची माहिती सारख्या काळजीनें गोळा झाली नाहीं. कित्येक जुन्या घोडवाटा नुसत्या पायवाटा म्हणून नोंदल्या गेल्या, कित्येक मुळींच नोंदल्या गेल्या नाहींत. आज नोंदलेल्या वाटांपैकीं सुमारें एक-पंचमांशच घोडेस्वारांस खुल्या आहेत. उरलेला वेळ त्यांस मोटारींच्या रस्त्यावरून जावें लागतें. घोड्याजवळून जातांना ताशीं दहा मैलांहून अधिक वेग नसावा व निदान दोन मीटर अंतर ठेवावें, असें तेथील वाहतुकीच्या नियमावलींत २०२२ पासून सांगितलें आहे. तथापि भेदरलेला घोडा नियमावली वाचीत नाहीं.

पादचाऱ्यांचीही एक तक्रार आहे, ती खोटी म्हणतां येणार नाहीं. घोड्याचें वजन चार लहान खुरांवर येतें. ओल्या चिकणमातीच्या वाटेवर दहा घोडे गेले कीं तिचा चिखल होतो, व मागून येणाऱ्याचे जोडे त्यांत रुततात. शेतकरीही म्हणतो कीं स्वार फाटक उघडे टाकून जातात आणि मेंढरें बाहेर पडतात. माझ्या मतें यावर उपाय वाट बंद करणें हा नव्हे. पाण्याचा निचरा करावा, खडी घालावी, खोगिरावरूनच उघडतां व लावतां येईल असें फाटक बसवावें. आणि स्वारानेंही पावसाळी दिवसांत घोडा दौडवूं नये. घोडा स्वभावतः भित्रा असून संकट दिसतांच पळून जीव वांचविणारा प्राणी आहे. म्हणून मागून मुकाट्यानें येणाऱ्या सायकलीचें त्यास फार भय वाटतें. सायकलस्वारानें दुरूनच हांक दिली, तर मनुष्याचा आवाज ओळखून तो बहुधा शांत उभा राहतो.

याहून मोठी अडचण तारखेची होती. नकाशावर नाहीं एवढ्यानें हक्क बुडत नाहीं, हें तेथील जुनें तत्त्व. परंतु २००० सालच्या कायद्यानें ठरविलें कीं, नोंद नसलेल्या बहुतेक जुन्या वाटांचे हक्क १ जानेवारी २०२६ रोजीं नष्ट व्हावेत. तेव्हां घोडेस्वारांच्या संस्था, विशेषतः १९४७ मध्यें स्थापन झालेली ब्रिटिश हॉर्स सोसायटी, जागृत झाल्या. त्यांचे स्वयंसेवक दप्तरखान्यांत बसून सामायिक कुरणांच्या वांटणीचे निवाडे व धर्मपट्टीसाठीं काढलेले जुने नकाशे तपासूं लागले. इंग्लंडपुरती ती मुदत २०२३ मध्यें २०३१ पर्यंत वाढविली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्यें ती अजीबात काढून टाकण्याचा आपला विचार सरकारनें जाहीर केला.

पुरावा कागदाचाच हवा असें नाहीं. लोकांनीं वीस वर्षें अखंडपणें, उघडपणें, बळजबरीवांचून व कोणाची परवानगी न घेतां एखाद्या वाटेवरून घोडे नेले असतील, तर त्यावरूनही हक्क सिद्ध होतो. त्यासाठीं गांवांतील वृद्ध स्वारांकडून जबान्या लिहून घेतात: लहानपणीं या वाटेनें कोठें जात असां, फाटक होतें काय, कोणी कधीं अडविलें काय? कौन्सिलांकडे असे अर्ज वर्षानुवर्षें पडून राहतात; आणि निकाल लागेपर्यंत जबानी देणाऱ्यांपैकीं कित्येक हयात नसतात.