श्रमानंतरचे अन्न

कबड्डीचा डाव रंगला म्हणजे खेळाडूला श्रमाचे भान राहत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पोटऱ्या आणि मांड्या ठणकू लागतात. फार दिवसांनी कुदळ हाती घेणाऱ्याचीही हीच अवस्था होते. असे का व्हावे? सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंतील सूक्ष्म तंतूंना इजा पोहोचते. ती भरून काढण्याचे काम शरीर लागलीच हाती घेते. त्यास काही दिवस लागतात. असे वारंवार घडले, की स्नायू हळूहळू बळकट होतो. व्यायाम स्नायूला केवळ चालना देतो. तो घडतो विश्रांतीच्या वेळी आणि अन्नाच्या आधाराने.

घरास विटा, तशी स्नायूस प्रथिने. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ अन्नातूनच मिळवावी लागतात. दूध, अंडी, मासे व मांस यांत ही नऊही असतात. पण ज्याच्या घरी या वस्तू रोज येऊ शकत नाहीत, त्या कष्टकऱ्याने काय करावे?

वर्ध्याच्या मगनवाडीत या प्रश्नाचा विचार झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य चाले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते. गरिबाला परवडेल असे सकस अन्न कोणते, याचा तेथे शोध घेतला जाई. १९३५ साली तेथे शिजवलेले सोयाबीन जेवणात घेण्याचा प्रयोग झाला आणि गांधीजींनी 'हरिजन' पत्रात त्याविषयी लिहिले. तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तितक्याच सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम. मात्र कच्चे सोयाबीन प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते. म्हणून ते नीट शिजवूनच खावे.

आज वर्धा जिल्ह्यात सोयाबीनची शेते दूरवर पसरलेली दिसतात. परंतु देशातील बहुतेक सोयाबीन तेलासाठी गाळले जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. ज्याच्या शेतात प्रथिने पिकतात, त्याच्या ताटात ती पोहोचावीत, हे काम अद्याप उरलेले आहे.

आपले जुने जेवणही या कामी उणे नाही. ज्वारीत लायसीन हे आम्ल कमी असते. डाळीत ते विपुल असते. डाळीत मेथिओनीन कमी असते. ती उणीव ज्वारी भरून काढते. भाकरी आणि वरण असे एकमेकांस साहाय्य करतात. ३५ किलो वजनाच्या मुलास दिवसाकाठी सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने पुरतात. भाकरी, वरण, उसळ, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध यांतून ती मिळू शकतात. त्यासाठी महागड्या भुकटीचे डबे लागत नाहीत. पोटभर मिश्र अन्न आणि पुरेशी झोप मिळाली, तरच श्रमाचे बळ होते.

स्वाध्याय
१. स्नायू केव्हा व कशाच्या आधाराने घडतो?
२. भाकरी आणि वरण एकमेकांस कसे साहाय्य करतात?
३. तुमच्या गावात पिकणारी कडधान्ये कोठे जातात, याची माहिती मिळवा.