धान्यनिधी : दानाची पहिली पायरी

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागतांचा उपदेश ऐकण्याची त्याला ओढ होती. परंतु बैल हरवल्याने तो सकाळपासून रानोमाळ फिरला आणि उपाशीपोटीच सभेत पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घातले व मगच धम्म सांगितला. भुकेसारखा रोग नाही, हा या कथेचा बोध आहे.

पूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्यास सांगितले. वस्तीत चूल न पेटलेले घर असताना आपण या कार्याची सुरुवात कोठून करावी? आमच्या मते धान्यापासून.

प्रत्येक गृहिणीने स्वयंपाकापूर्वी एक मूठ तांदूळ डब्यात टाकावा. मूठ ५० ग्रॅमची धरली, तर १०० घरांतून रोज ५ किलो, म्हणजे महिन्याला १५० किलो तांदूळ जमतो. दरमहा १० किलोप्रमाणे १५ कुटुंबांना आधार होतो. डाळ व तेल वर्गणीतून घ्यावे.

हे काम सुरू करताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) आधी शिधापत्रिका पाहावी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. ज्याचे नाव कार्डावर नाही, त्याचा अर्ज आपण भरून द्यावा. हक्काचे धान्य मिळवून देणे हीसुद्धा सेवाच आहे.

२) निधीचे खाते संस्थेच्या नावे, दोन सह्यांचे असावे. प्रत्येक रुपयाची पावती फाडावी, धान्याच्या आवक-जावकेची वही ठेवावी आणि हिशेब दरमहा सभेत वाचावा. मात्र घेणाऱ्यांची नावे वाचू नयेत.

३) धान्य घरपोच द्यावे, फोटो काढू नयेत.

ही शेवटची गोष्ट आम्ही चुकून शिकलो. एका बुद्ध पौर्णिमेला आम्ही व्यासपीठावरून नावे पुकारून धान्य वाटले. एक माउली उठलीच नाही. तिचा मुलगा शाळासोबत्यांमध्ये बसला होता. ती पिशवी रात्री तिच्या घरी पोहोचवताना आमचीच मान खाली गेली. पोट भरावे आणि मानही ताठ राहावी, यासाठीच तर आपली चळवळ उभी राहिली; आणि आम्ही मात्र एका पिशवीसाठी त्या माउलीला भर सभेत उभे करू पाहत होतो.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे, असा उपाय सांगितला आहे. म्हणून धान्यनिधी ही पहिली पायरी आहे. आज घेणारे घर उद्या मूठभर तांदूळ डब्यात टाकू लागले, म्हणजे आपले काम साधले असे समजावे. विद्यार्थी मित्रांनी निदान हिशेबाची वही हाती घ्यावी, ही विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!